रकान्यातलं शून्य, रिकामा रकाना आणि ‘निरंक’: स्क्रिप्टमधला ‘इफ’ खरं-खोटं कसं ठरवतो

पावसाळ्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याची मंडळनिहाय पावसाची एक्सेल उघडा. मिलिमीटरच्या रकान्यात एका मंडळासमोर ० असतं, दुसऱ्यासमोर ०.०, तिसऱ्याचा रकाना रिकामा, चौथ्यासमोर नुसती आडवी रेघ, आणि कुणीतरी कार्यालयीन सवयीने ‘निरंक’ लिहिलेलं. माणूस हे एका नजरेत वाचून घेतो. स्क्रिप्टमध्ये मात्र `इफ पाऊस` एवढंच लिहिलेलं असेल, तर या पाच नोंदींपैकी कोणती खरी धरायची आणि कोणती खोटी, हे भाषा आपल्या नियमाने ठरवते. पायथनचा नियम वेगळा, जावास्क्रिप्टचा वेगळा, पीएचपीचा आणखी वेगळा.

आपल्या भागात हा फरक थेट हिशोबात उतरतो. ‘पाऊस पडला नाही’ ही नोंद आहे. ‘पर्जन्यमापक बंद होता’ म्हणजे नोंदच नाही. सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाचा खंड मोजायचा असेल, तर पहिला दिवस कोरडा धरायचा. दुसऱ्याचं काय करायचं ते आधी ठरवावं लागतं. `इफ पाऊस` लिहिणारा दोन्ही दिवस एकाच पोत्यात भरतो आणि त्याला ते कळतही नाही, कारण स्क्रिप्ट कुठलीही चूक न दाखवता शेवटपर्यंत चालते.

शेतकरी कंपनीचे, बाजार समितीच्या आवकेचे किंवा पाऊसपाण्याचे तक्ते छोट्या स्क्रिप्टने हाताळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. लूप आणि अट लिहिता येते असं गृहीत धरलं आहे. वाचायला सोपं जावं म्हणून कोड देवनागरीत दिला आहे. टाइप करताना कीवर्ड रोमन लिपीत आणि अंक इंग्रजी लिहायचे. (पायथन ३ मध्ये चलाचं नाव मात्र खरोखर `पाऊस` असं ठेवता येतं. चालतं. टीममधल्या दुसऱ्या माणसाच्या कीबोर्डचा विचार करून ठेवा.) उदाहरणांतले पावसाचे आकडे समजावण्यापुरते आहेत.

पहिली पायरी: रकान्यात काय काय येतं ते डोळ्यांनी बघा

अट लिहायच्या आधी रकान्यात प्रत्यक्ष कोणती मूल्यं येतात त्याची यादी काढा. नुसतं `प्रिंट(पाऊस)` करून भागत नाही. संख्या ० आणि मजकूर "०" पडद्यावर सारखेच दिसतात, आणि रिकामा मजकूर व मोकळी जागा तर दिसतच नाहीत. म्हणून तीन गोष्टी एकत्र छापा:

```
फॉर पाऊस इन नोंदी:
    प्रिंट(रेपर(पाऊस), टाइप(पाऊस), बूल(पाऊस))
```

`रेपर` (रोमनमध्ये repr) अवतरणचिन्हं दाखवतो, `टाइप` जात सांगतो, आणि `बूल` हे मूल्य अटीत टाकलं तर पायथन काय उत्तर देईल ते सांगतो. जावास्क्रिप्टमध्ये `टाइपऑफ` आणि दोन उद्गारचिन्हं (`!!पाऊस`) हेच काम करतात, पीएचपीत `व्हार_डंप`. हजार ओळींच्या फाइलमध्ये वेगवेगळी मूल्यं तेवढी हवी असतील, तर सगळी एका `सेट`मध्ये टाकून तो छापा. रेघ, ‘निरंक’, मागे मोकळी जागा राहिलेला आकडा, हे सगळं तिथेच उघडं पडतं.

सीएसव्ही फाइलला जात माहीत नसते हे इथे लक्षात घ्या. पायथनचं `सीएसव्ही` मॉड्यूल साध्या वापरात प्रत्येक रकाना मजकूर म्हणूनच देतं, आणि पायथनला मजकूर "०" खरा वाटतो. म्हणजे थेट फाइलमधून आलेल्या रकान्यावर `इफ पाऊस` लावलं, तर शून्य पावसाचा दिवसही ‘पाऊस झाला’ म्हणून मोजला जातो. एक्सेलमधून थेट वाचलेला तोच रकाना संख्या म्हणून येतो आणि तिथे शून्य खोटं ठरतं. कोड तोच, तक्ता तोच, फक्त फाइलचा प्रकार बदलला आणि उत्तर उलटं झालं. जेसन (JSON, मूल्याची जात जपणारा फाइलचा प्रकार) बरं, कारण त्यात नल (‘काहीच नाही’), ० आणि "" वेगवेगळे राहतात. पुढे वापरायचा डेटा साठवायचा असेल तर मी सीएसव्हीपेक्षा जेसन किंवा एसक्यूलाइट (एका फाइलमधला डेटाबेस) निवडेन.

दुसरी पायरी: आपल्या भाषेतली खोटी मूल्यं पाठ करा

खरी मूल्यं पाठ करायची गरज नाही, ती असंख्य असतात. खोटी मोजकीच असतात. रोजच्या कामात अडवणारी मूल्यं सहा भाषांमध्ये अशी वागतात:

| मूल्य | पायथन | जावास्क्रिप्ट | पीएचपी | पर्ल | रुबी | लुआ |
|---|---|---|---|---|---|---|
| संख्या ० | खोटं | खोटं | खोटं | खोटं | खरं | खरं |
| मजकूर "०" | खरं | खरं | खोटं | खोटं | खरं | खरं |
| मजकूर "०.०" | खरं | खरं | खरं | खरं | खरं | खरं |
| रिकामा मजकूर "" | खोटं | खोटं | खोटं | खोटं | खरं | खरं |
| एक मोकळी जागा " " | खरं | खरं | खरं | खरं | खरं | खरं |
| रिकामी यादी | खोटं | खरं | खोटं | खोटं | खरं | खरं |
| नॅन | खरं | खोटं | खरं | खरं | खरं | खरं |
| मजकूर "निरंक" | खरं | खरं | खरं | खरं | खरं | खरं |

तक्त्यातलं नॅन (NaN) म्हणजे ‘ही संख्या नाही’ असं सांगणारं, पण संख्येच्याच जातीचं मूल्य. ‘काहीच नाही’ दाखवणारं खास मूल्य, म्हणजे पायथनचं नन, जावास्क्रिप्टचं नल आणि अनडिफाइन्ड, पर्लचं अनडेफ, रुबी-लुआचं निल, हे सगळीकडे खोटं. पर्लच्या रांगेतली रिकामी यादी म्हणजे खुद्द अ‍ॅरे; त्या अ‍ॅरेकडे बोट दाखवणारा रेफरन्स खराच असतो.

तक्त्यात दोन घराणी दिसतात. सी भाषेत सुरुवातीला खरं-खोटं अशी वेगळी जातच नव्हती. ती १९९९ च्या प्रमाणात आली. तोवर शून्य म्हणजे खोटं आणि बाकी सगळं खरं. पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी, पर्ल यांनी तोच संस्कार उचलला आणि त्यात आपापल्या सोयीने रिकामा मजकूर, रिकामी यादी वगैरे भर घातली. रुबी आणि लुआ यांचं साधं आहे: फॉल्स आणि निल ही दोनच मूल्यं खोटी, बाकी सगळं खरं, शून्यसुद्धा. पायथनवरून रुबीकडे गेलेल्याला पहिले काही दिवस हे खटकतं. माझ्या मते पावसाच्या तक्त्यासाठी रुबीचा नियमच जास्त प्रामाणिक आहे, कारण तिथे शून्य पाऊस ही नोंदच राहते.

पायथन आतून काय करतं ते थोडं सविस्तर बघू, कारण तुमच्या स्वतःच्या क्लासलाही तोच नियम लागतो. अटीत एखादी वस्तू आली की पायथन आधी तिच्यात `__बूल__` नावाची मेथड शोधतं. ती नसेल तर `__लेन__` बघतं, आणि लांबी शून्य आली तर वस्तू खोटी. दोन्ही नसतील तर वस्तू खरी. तुम्ही `मंडळ` नावाचा क्लास केला आणि नोंदींची संख्या सांगायला त्यात `__लेन__` लिहिली, तर अजून एकही नोंद न आलेलं मंडळ अटीत खोटं ठरेल. `इफ मंडळ` लिहिणाऱ्याला मंडळ सापडलं की नाही एवढंच विचारायचं असतं. त्याला उत्तर मिळतं नोंदी आहेत की नाहीत याचं.

हा घोटाळा खुद्द पायथनच्या प्रमाण लायब्ररीतही होता. तारीख-वेळेच्या मॉड्यूलमधली मध्यरात्र, म्हणजे ००:००, ही वेळ अटीत खोटी ठरायची. बऱ्याच वादानंतर ३.५ आवृत्तीत ते बदललं. वेळेचा रकाना ‘भरलेला आहे का’ हे `इफ वेळ` ने विचारणाऱ्यांच्या स्क्रिप्ट नेमक्या रात्री बाराच्या नोंदीवर अडखळत.

ऑक (awk) ही रकान्यांच्या फाइली ओळीओळीने तपासणारी छोटी भाषा. तिचा नियम बारीक आहे. फाइलमधून आलेला रकाना संख्येसारखा दिसत असेल तर ऑक त्याला संख्या म्हणून तपासतं, म्हणून रकान्यातलं ०.०० खोटं ठरतं. कोडमध्ये अवतरणात लिहिलेलं "०" मात्र खरं. रिकामा रकानाही खोटाच. त्यामुळे `$३` एवढीच अट लिहिली तर शून्य आणि रिकामं पुन्हा एकत्र होतात. `$३ != ""` असं लिहा.

तिसरी पायरी: प्रश्न अर्धवट विचारू नका

`इफ पाऊस` हा अर्धा प्रश्न आहे, उरलेला अर्धा भाषा स्वतःच्या मनाने भरते. तुम्हाला विचारायचं असतं यापैकी काहीतरी एक: नोंद आली आहे का? आली असेल तर शून्य आहे का? ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे का? जे विचारायचं ते लिहा.

भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार दिवसाला २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. खंड मोजणारा कोड त्या हिशोबाने असा होईल:

```
खंड = ०
बेनोंद = ०
फॉर पाऊस इन नोंदी:
    इफ पाऊस इज नन:
        बेनोंद += १
    एलिफ पाऊस < २.५:
        खंड += १
    एल्स:
        खंड = ०
```

बेनोंद दिवसाने खंड तुटतो की चालू राहतो हे पायथनला माहीत असायचं कारण नाही. इथे मी तो चालू ठेवला आहे आणि असे दिवस वेगळे मोजले आहेत, म्हणजे निकालासोबत ‘इतक्या दिवसांची नोंद नाही’ हेही छापता येतं. तुमच्याकडे नियम वेगळा असेल तर ती एकच फांदी बदला. फांदी वेगळी असल्यामुळेच तो बदल शक्य आहे. `इफ नॉट पाऊस` लिहिलं असतं तर बदलायला जागाच उरली नसती.

या कोडमध्येही एक फट आहे. नोंद ननऐवजी नॅन म्हणून आली, आणि पांडाजमधून (तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी) रिकामा रकाना तसाच येतो, तर काय होतं बघा. नॅन म्हणजे नन नव्हे, म्हणून पहिली अट नापास. नॅनशी केलेली ‘पेक्षा कमी’ची तुलना नेहमी खोटी, म्हणून दुसरीही नापास. गाडी थेट `एल्स`मध्ये जाते आणि खंड शून्य होतो. म्हणजे पर्जन्यमापक बंद पडला त्या दिवशी स्क्रिप्टच्या मते दमदार पाऊस झाला. यावर उपाय एकच: पहिल्या अटीत `पाऊस इज नन ऑर मॅथ.इजनॅन(पाऊस)` असं दोन्ही विचारायचं, किंवा पांडाजचं `इजना` वापरायचं, ते दोन्ही पकडतं.

यादी रिकामी आहे का हे विचारायला `इफ नोंदी` लिहायला माझी हरकत नाही. तिथे यादी आहे हे नक्की असतं आणि प्रश्नाचा दुसरा अर्थ निघत नाही. फंक्शन कधी यादी देतं आणि कधी नन देतं, अशा वेळी मात्र दोन्ही स्पष्ट विचारा. जावास्क्रिप्टमध्ये ही सवय बरोबर नेऊ नका, तिथे रिकामी यादी खरी असते, `.लेंग्थ` तपासा.

‘किंवा’ने पर्यायी मूल्य देताना

पायथनचं `ऑर` आणि जावास्क्रिप्टचं `||` खरं-खोटं असं उत्तर देत नाहीत, दोन मूल्यांपैकी एक मूल्य जसंच्या तसं परत देतात. डावं खरं असेल तर डावं, नाहीतर उजवं. म्हणून लोक असं लिहितात:

```
दाखवा = साठा ऑर "माहिती उपलब्ध नाही"
```

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा प्रकल्प आटला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा काळात धरणाचा जिवंत साठा ० असणं हीच तक्त्यातली सगळ्यात महत्त्वाची नोंद असते. वरची ओळ नेमकी त्याच दिवशी ‘माहिती उपलब्ध नाही’ असं छापेल.

जावास्क्रिप्टमध्ये यासाठी २०२० पासून `??` आहे. डावीकडे नल किंवा अनडिफाइन्ड असेल तरच ते उजवीकडे जातं, शून्याला हात लावत नाही. पीएचपीत `??` हे ७.० पासून आहे. पर्लमध्ये ५.१० पासून `//` आहे, तेही फक्त अनडेफ बघतं. पायथनमध्ये असं चिन्ह नाही, `साठा इफ साठा इज नॉट नन एल्स "..."` असं लांबच लिहावं लागतं. लिहा, तेवढ्याने बोटं झिजत नाहीत.

लुआमध्ये `अ अँड ब ऑर क` ही जोडणी ‘अ असेल तर ब, नाहीतर क’ म्हणून सर्रास वापरतात. ब स्वतः फॉल्स किंवा निल असेल तर ती फसते, अ खरा असूनही क मिळतो. रिअ‍ॅक्ट (वेबपानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरणाऱ्यांना याचा चुलतभाऊ माहीत असेल: `संख्या && घटक` लिहिलं आणि संख्या शून्य निघाली की पानावर एकटं ० लटकताना दिसतं, कारण `&&` ने डावं मूल्य, म्हणजे शून्य, परत दिलेलं असतं. `संख्या > ० &&` लिहिलं की ते जातं.

चौथी पायरी: मजकुराचं मूल्य एकाच दारात करा

फॉर्म, सीएसव्ही, कमांडवरचे पर्याय, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, ब्राउझरचं लोकलस्टोरेज: या सगळ्यांतून मजकूरच येतो. आणि रिकामा नसलेला मजकूर जवळपास सगळीकडे खरा. ‘विमा भरला?’ या रकान्यात "नाही" आहे, तरी `इफ विमा` खरं. लोकलस्टोरेजमध्ये ठेवलेलं "फॉल्स" खरं. पायथनच्या आर्गपार्समध्ये (कमांडवरचे पर्याय वाचणारं मॉड्यूल) `टाइप=बूल` दिलं आणि वापरणाऱ्याने पर्यायापुढे "फॉल्स" लिहिलं, तरी ट्रू, कारण `बूल("फॉल्स")` रिकामा मजकूर नाही एवढंच बघतं. तिथे `स्टोअर_ट्रू` वापरा, किंवा ३.९ पासूनचं `बूलियनऑप्शनलअ‍ॅक्शन`.

मजकूर आत येतो त्या जागी एक फंक्शन ठेवा आणि त्याच्या पलीकडे मजकूर जाऊच देऊ नका:

```
डेफ पाऊस_वाचा(मजकूर):
    मजकूर = (मजकूर ऑर "").स्ट्रिप()
    इफ मजकूर इन ("", "-", "अप्राप्त"):
        रिटर्न नन
    इफ मजकूर == "निरंक":
        रिटर्न ०.०
    रिटर्न फ्लोट(मजकूर)
```

दुसऱ्या ओळीत मी तेच `ऑर` वापरलं आहे ज्यावर वर टीका केली. इथे ते बरोबर बसतं: नन आणि रिकामा मजकूर दोघांनाही रिकाम्या मजकुरात बदलायचं आहे आणि आत येणारा मजकूर असल्याने शून्य हरवायची भीती नाही. शेवटच्या ओळीत `फ्लोट`ला "१२ मिमी" मिळालं तर ते एरर देऊन थांबेल. थांबू द्या. त्या एररला गप्प बसवून शून्य परत करणारा कोड मी अनेक ठिकाणी बघितला आहे, आणि तो पुढच्या प्रत्येक बेरजेत खोटं पेरतो.

‘निरंक’ला शून्य मानताना माझा अंदाज नाही चालणार, तुमचाही नाही. एका कार्यालयात ‘निरंक’ म्हणजे पाऊस नाही, दुसऱ्यात कळवण्यासारखं काही नाही. फोन करून विचारा: “साहेब, तुमच्याकडे पाऊस नसला की शून्य लिहिता का निरंक?” पाच मिनिटांचं काम आहे. पांडाज वापरत असाल तर हे आधीच करावं लागतं, कारण `टू_न्यूमेरिक`ला `कोअर्स` सांगितलं की ‘निरंक’ आणि ‘-’ दोन्ही नॅन होतात, कोरडा दिवस आणि बंद मापक पुन्हा एकत्र. आणि सांगितलं नाही तर वेगळीच गंमत: सीएसव्हीच्या रकान्यात एका जागी जरी ‘-’ असली तरी पांडाज तो रकाना संख्यांचा मानत नाही, मजकूर म्हणून ठेवतं. एका मंडळाच्या रेघेमुळे बाकीच्या मंडळांची शून्यं खोट्याची खरी होतात.

आकड्यात बदलतानाही प्रत्येक भाषेचा स्वभाव बघा. जावास्क्रिप्टमध्ये `नंबर("")` चं उत्तर ० येतं, म्हणजे न भरलेला रकाना शून्य पाऊस होतो. म्हणून फॉर्मवर आधी रिकामं आहे का ते मजकुरावर तपासायचं आणि मग आकड्यात बदलायचं. क्रम उलटा केला की फरक पुसला गेला. पीएचपीत `(फ्लोट)"निरंक"` चं उत्तर शून्य, रुबीत `.टू_एफ` चंही शून्य. रुबीचं `फ्लोट("निरंक")` मात्र एरर देतं, तेच वापरा.

आता मराठी कीबोर्डचा मुद्दा. शेतकऱ्याने मोबाइलवर देवनागरी अंकात १२ लिहिलं तर? पायथनचे `इंट` आणि `फ्लोट` देवनागरी अंक स्वीकारतात, `इंट("१२")` बारा देतं. (कोडमध्ये थेट देवनागरी अंक लिहिला तर मात्र सिंटॅक्स एरर.) जावास्क्रिप्टचं `नंबर` त्याला नॅन म्हणतं. पीएचपीत रूपांतर शून्य होतं, वर अटीत गंमत अशी की इंग्रजी शून्याचा मजकूर खोटा आणि देवनागरी शून्याचा मजकूर खरा, पर्लचंही तसंच. मराठी फॉर्म बनवत असाल तर साठवण्याआधी देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घ्या.

बरोबरी तपासणं हा वेगळा प्रश्न

‘अटीत खोटं’ आणि ‘फॉल्सच्या बरोबर’ हे एकच असेल असं वाटतं, पण तसं नाही. जावास्क्रिप्टमध्ये रिकामी यादी अटीत खरी, तरी `[] == फॉल्स` विचारलं तर उत्तर ट्रू. मजकूर "०" चंही तेच. `==` दोन्ही बाजू आधी संख्येत बदलून मग तुलना करतं, अट तसं करत नाही. तीन चिन्हांचं `===` वापरायची सवय ठेवा.

पीएचपीतलं जुनं दुखणं म्हणजे `एसटीआरपीओएस` (strpos), मजकुरात शब्द कुठे आहे ते शोधणारं फंक्शन. शोधलेला शब्द मजकुराच्या अगदी सुरुवातीला सापडला तर ते जागा म्हणून ० देतं आणि सापडला नाही तर फॉल्स. "लातूर" हा शब्द "लातूर ग्रामीण" मध्ये शोधून `इफ` लावलं तर ‘नाही’ असं उत्तर येतं. `!== फॉल्स` असं तपासा; ८.० किंवा पुढची आवृत्ती असेल तर `एसटीआर_कंटेन्स` सरळ खरं-खोटंच देतं. त्याच ८.० मध्ये संख्या आणि मजकुराच्या तुलनेचा नियमही बदलला: आधी `० == "निरंक"` खरं होतं, आता खोटं. जुनी स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर हलवताना हे शोधा.

डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेबद्दल एवढंच की `पाऊस = नल` ही अट कधीच खरी होत नाही, `इज नल` लिहावं लागतं.

शेलमध्ये शून्य म्हणजे यश

बॅश हे कमांड चालवणारं शेल. त्याला मूल्याशी देणंघेणं नाही. `इफ` पुढे लिहिलेली कमांड चालवतं आणि तिचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना ती देते तो आकडा, बघतं: शून्य आला तर खरं, दुसरा कुठलाही आला तर खोटं. काम पार पडण्याची एकच तऱ्हा, बिघडण्याच्या अनेक, म्हणून शून्य यशाला दिलं. नेटवरून फाइल आणणारी कमांड कर्ल बघा: सर्व्हरचं नाव सापडलं नाही तर ६, जोडणी झाली नाही तर ७, वेळ संपला तर २८. तालुक्याच्या नेटवर स्क्रिप्ट चालवणाऱ्याला हे आकडे लवकर पाठ होतात.

चौकोनी कंसही एक कमांडच आहे. त्यात एकटा मजकूर दिला तर तो रिकामा नाही एवढंच ती तपासते, म्हणून `[ ० ]` खरं आणि `[ फॉल्स ]` सुद्धा खरं. त्याच कारणाने `[ $अ=$ब ]` असं मोकळ्या जागेशिवाय लिहिलं की नेहमी खरं, कारण सगळं मिळून एकच मजकूर झाला. `[ ५ > ३ ]` तर तुलनाच करत नाही, ३ नावाची फाइल तयार करतं. तिथे `-जीटी` लागतं. आणि रिकाम्या चलावर `-एन` ने ‘मजकूर आहे का’ विचारताना चल अवतरणात ठेवलं नाही, तर उत्तर ‘आहे’. शेलमध्ये चल नेहमी दुहेरी अवतरणात लिहायचं ते यासाठी.

फाइलमध्ये मजकूर शोधणाऱ्या ग्रेपमध्ये पावसाच्या तक्त्यातलाच पेच आहे. ओळ सापडली नाही तर कोड १, फाइलच उघडली नाही तर २. `इफ ! ग्रेप` लिहिलं की दोन्ही सारखे. फरक हवा असेल तर कमांडनंतर लगेच `$?` चलात ठेवून त्यावर `केस` लावा.

दुहेरी गोल कंसात हिशोब केला तर पुन्हा उलटं: हिशोबाचं उत्तर शून्य आलं की एक्झिट कोड १. स्क्रिप्टच्या वर `सेट -ई` (कमांड फसली की थांब) असेल आणि मोजणी शून्यापासून सुरू करून `((मोजणी++))` लिहिलं, तर पहिल्याच फेरीत स्क्रिप्ट मुकाट बंद पडते. `मोजणी=$((मोजणी+१))` लिहिलं की पडत नाही.

पाचवी पायरी: त्रासदायक मूल्यांची चाचणी कायमची ठेवा

`पाऊस_वाचा` आणि खंड मोजणारं फंक्शन यांना एकदा हाताने तपासून सोडू नका. शेजारी चाचणीची फाइल ठेवा आणि तिच्यात निदान एवढं घाला: "०", "०.०", "", दोन मोकळ्या जागा, "-", "निरंक", "निरंक " (मागे जागा असलेलं), देवनागरी "०", "नॅन" हा मजकूर, आणि नन. प्रत्येकापुढे अपेक्षित उत्तर लिहा. रोमन लिपीत लिहिलेलं "नॅन" मुद्दाम आहे: पायथनचं `फ्लोट` ते आनंदाने स्वीकारतं आणि खरोखरचं नॅन देतं, एरर देत नाही. वरच्या फंक्शनला ते अडवायची तजवीज तुम्ही करायची आहे.

पांडाजची सिरीज, म्हणजे अख्खा रकाना, थेट `इफ`मध्ये टाकली तर ते खरं-खोटं ठरवायलाच नकार देतं आणि एरर देतं: एवढ्या मूल्यांपैकी सगळी खरी हवीत का एखादी चालेल, ते सांगा. `.ऑल()` किंवा `.एनी()` लिहून सांगायचं, आणि दोन अटी जोडताना `अँड` ऐवजी `&` आणि प्रत्येक अटीभोवती कंस. नवशिके या एररवर वैतागतात. मला वाटतं, या सगळ्या मंडळींत सगळ्यात शहाणं वागणं तिचंच.

हंगाम सुरू झाल्यावर नवीन फाइल येईल आणि रकान्यात तुमच्या यादीत नसलेलं काहीतरी निघेल, ‘सरी’, ‘भुरभुर’, नाहीतर दोन दिवसांचा मिळून एक आकडा. स्क्रिप्ट तिथे थांबली की आधी ते मूल्य अपेक्षित उत्तरासह चाचणीच्या फाइलमध्ये घाला, चाचणी नापास होताना बघा, आणि मग फंक्शनला हात लावा.